शॉर्टस्टॉपकडे गेलेला चेंडू

डॅरल फ्रेरिक्सचं पत्र आलं त्याला या ऑक्टोबरात एकोणीस वर्षं होतील, आणि मी अजून त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र हरवलं असं नाही. माझ्याकडून कागद हरवत नाहीत. एकतीस वर्षं मी या शहराच्या वाचनालयात नोकरी केली, आणि माझ्याबद्दल कुणी काही चांगलं बोललं असेल तर एवढंच, की बेकमनकडे दिलेला कागद सापडतो. ते स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खणात होतं, हमीपत्रांच्या आणि जुन्या चाव्यांच्या खाली. रेघांच्या वहीतून फाडलेलं पान. फाडताना आलेली दातेरी कड त्याने कात्रीने सरळ कापून घेतलेली. ही कापलेली कड मला मजकुराइतकीच छळत आली. जो माणूस पत्र लिहिण्याआधी कात्री शोधतो, त्याला उत्तर न देणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. मजकूर जेमतेम आठ ओळींचा. तो डलुथला असतो, बंदरावर काम करतो, दोन मुली आहेत. धाकटीने विचारलं, बाबा, तुम्ही शाळेत असताना बेसबॉल खेळायचात का, आणि त्याला काय सांगावं ते सुचलं नाही. मग शेवटच्या तीन ओळी: ‘त्या दिवशी मी उभा होतो तिथून तुम्ही मला अगदी समोर दिसत होतात. निकाल बदला असं माझं म्हणणं नाही. तो चेंडू आला तेव्हा तुम्ही काय पाहिलंत, तेवढं कळवा.’ खाली पूर्ण नाव. जसं काही मी त्याला विसरलो असेन.

उत्तराचे मसुदे मी किती केले ते सांगायला लाज वाटते. वाचनालयातल्या जुन्या कार्डांच्या पाठीवर लिहायचो, कारण कार्ड लहान असतं आणि माणूस थोडक्यात आटोपेल अशी आशा असते. ‘प्रिय डॅरल, तुझं पत्र मिळालं, आनंद झाला.’ इथवर हात सरळ चालायचा. पुढे तो प्रश्न यायचा, आणि मग मी उठून केटली ठेवायचो, किंवा खिडकी पुसायचो. पहिल्या वर्षी उशीर झाला असं वाटत होतं. तिसऱ्या वर्षी फार उशीर झाला असं वाटू लागलं. दहाव्या वर्षानंतर उशीर हा शब्दही लागू पडेना. ते उत्तर न देणं माझ्या घरातली एक वस्तूच होऊन बसलं, जिला वळसा घालून चालायची पायांना सवय होते. आणि हे सगळं असंच राहिलं असतं, मी गेल्यावर माझ्या बहिणीने तो खण एका पिशवीत उपडा केला असता आणि प्रकरण संपलं असतं. पण या जुलैमधल्या एका मंगळवारी, सायंकाळी साडेपाचच्या सामन्यात, माझ्या अंगठ्याने एक चूक केली.

शाळेच्या सामन्यांचे गुण मी कित्येक वर्षं वहीत नोंदवत आलो. आता पेन्सिल नाही. चार वर्षांपूर्वी शाळेने वही बंद केली आणि माझ्या हातात एक टॅब्लेट दिला. त्यात गुण नोंदवायचं ॲप आहे. मुलींच्या सॉफ्टबॉल संघाच्या कोच टिमरमन तेव्हा म्हणाल्या होत्या, “मिस्टर बेकमन, हे तुम्हीच करा हो. आईबापांच्या हाती दिलं की आपापल्या पोरींचे हिट वाढतात. मागच्या साली एका बापाने पोरीला वर्षभर एकही चूक लावली नव्हती. पोरगी चांगली, पण देवदूत नव्हती.” मी नको म्हणणार होतो. माझ्या तोंडून ‘नको’ वेळेवर निघत नाही, हा माझा जुना दोष. पडद्यावर एक हिरवं मैदान, त्यावर ठिपके. दर चेंडूला बोट टेकवायचं: बॉल, स्ट्राइक, फाऊल. चेंडू बॅटला लागला की कुणाकडे गेला, पुढे काय झालं. मी टेकवलं की ते त्याच क्षणी इतरांच्या फोनवर उमटतं. कोपऱ्यात डोळ्याचं एक चित्र असतं आणि शेजारी आकडा, आत्ता किती जण बघताहेत तो. त्या आकड्याची मला पहिल्यापासून भीती वाटते. वृद्धाश्रमातली एक आजी बघते, जिला आता खुर्चीतही बसवत नाही. लेफ्ट फील्डवरच्या मुलीचा बाप टेक्ससच्या लष्करी तळावरून बघतो. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभ्या राहणाऱ्या मारिसोलची आई मांसाच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असते. सुट्टीच्या वीस मिनिटांत हातमोजे काढून ती लेकीचा ठिपका बघते. ज्यांना मैदान दिसत नाही त्यांचं मैदान म्हणजे मी. हे काम पेन्सिलवाल्याचं नव्हे. वहीत लिहिलेलं दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी बघायचं नाही; रात्रभर तेवढी मुभा असायची.

त्या मंगळवारी उकाडा असा होता की मैदानापलीकडच्या मक्याच्या शेतातून वाफेचा वास येत होता. माझं टेबल होम प्लेटच्या, म्हणजे बॅटवालीच्या जागेच्या, मागे, जाळीच्या अलीकडे. शेजारी घडीची खुर्ची टाकून किप लॅनहॅम, सूर्यफुलाच्या बिया चावत आणि टरफलं कागदी पेल्यात थुंकत. किप हा माझा मित्र आहे असं मी म्हणतो. तो म्हणेल की नाही मला ठाऊक नाही. त्याची नात ब्रिन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. पाच इनिंग झाल्या होत्या आणि समोरच्या संघाला ब्रिनने एकही हिट मिळू दिला नव्हता, म्हणजे कुणालाही स्वतःच्या फटक्यावर बेस गाठता आला नव्हता. अशा वेळी ती गोष्ट तोंडातून काढायची नसते, बोललं की बिघडतं असा समज. सगळ्यांना माहीत असतं, सगळे आकड्याकडे बघत असतात आणि सगळे हवापाण्याबद्दल बोलतात. मागच्या बाकावरचा एक नवखा बाप म्हणाला, “अरे, यांना अजून एकसुद्धा हि—”

“तोंड शिव!” किप न वळता म्हणाला. “घरी बायको तुला असं मधेच बोलू देते?”

“मी नुसतं म्हटलं...”

“नुसतंच म्हणायचं नसतं. एल्डन, सांग त्याला.”

मी हसलो. किपला सांगायची गरज नव्हती. शाळेच्या व्यायामशाळेबाहेरच्या बोळात त्याच्या नावाची पितळी पाटी आहे. ‘एकही हिट न देता सात इनिंग. १० जुलै १९७९.’ तिच्यासमोरून शाळेतली सगळी मुलं रोज जातात. मी शाळेत गेलोच तर दुसऱ्या दाराने जातो.

सहाव्या इनिंगमध्ये एक आउट होता. ब्रिनने चेंडू टाकला, बॅटचा आवाज झाला, चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे निघाला. इतकं मी पाहिलं. मग माझी मान खाली गेली. चेंडू मारिसोलकडे निघाला म्हणजे पुढे काय होणार ते मला माहीत होतं. वर्षभर मी ते बघत होतो: ती दोन पावलं पुढे येते, डावा हात धूळ चाटतो, उजवा त्यावर झाकण ठेवतो आणि चेंडू पहिल्या बेसकडे निघून जातो, एखादं दार हलकेच लावावं इतकं सहज. अंगठ्याने चार ठिकाणी टेकवलं. जमिनीवरून. शॉर्टस्टॉप. पहिला बेस. आउट. आणि त्याच वेळी जाळीपलीकडून लोकांचा आवाज आला, पण तो चुकीचा आवाज होता. तो आवाज मी ओळखतो. मी वर बघितलं तेव्हा चेंडू मारिसोलच्या मागे गवतात पडलेला होता, लेफ्ट फील्डवरची मुलगी धावत येत होती आणि धावणारी पहिल्या बेसवर उभी राहून हेल्मेट सारखं करत होती. पडद्यावर मात्र दोन आउट. पहिला बेस रिकामा. डोळ्याशेजारी आकडा एक्केचाळीस. एक्केचाळीस जणांनी असा एक आउट बघितला होता, जो झालाच नव्हता.

मी तो मागे घेतला. त्याला एक उलटा बाण असतो, दाबला की झालेलं पुसलं जातं, काही डाग राहत नाही. मग ॲपने विचारलं. ते दरवेळी विचारतं, त्याचा काही राग नसतो: हिट की एरर? खेळाडूने मेहनतीने मिळवला, की समोरच्याच्या चुकीने मिळाला? एरर धरला तर ब्रिनचा हिटचा रकाना शून्यच राहणार, हिट धरला तर सगळं संपलं. दोन चौकोन. ‘मी बघत नव्हतो’ असा तिसरा चौकोन नसतो.

“एरर,” किप म्हणाला. पेला त्याने खाली ठेवला होता. “एल्डन, एरर ना रे? सरळ हातमोज्याखालून गेला.”

“कसला एरर?” पाहुण्यांच्या बाजूची एक बाई जाळीला लागून ओरडली. “खड्ड्यात लागून उसळला तो! डोळे आहेत का? हिट आहे, हिट!”

“बाई, तुमचा चष्मा गाडीत राहिलाय!”

“आणि तुमची लाज घरी!”

लोक हसले, आणि मग माझ्याकडे वळले. मी मारिसोलकडे बघितलं. ती पायाने माती सारखी करत होती, जिथे चेंडू आला होता तिथली. तिचा चेहरा टोपीच्या सावलीत होता आणि मला तिच्या जागी दुसरंच कुणी दिसलं, लांब हातांचं, जुन्या पांढऱ्या गणवेशातलं, रिकामा हातमोजा उघडा धरून उभं असलेलं. मी ‘हिट’ दाबलं. किप उठला. त्याने खुर्ची उचलली आणि ती माझ्यापासून दहा पावलं लांब नेऊन उघडली. घडीच्या खुर्चीचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

डॅरल वाचनालयात यायचा. आधी ते सांगायला हवं, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे, आणि मी नेहमीच मुद्द्याची गोष्ट शेवटी सांगतो. सतरा वर्षांचा मुलगा, हात गुडघ्यापर्यंत येतील इतके लांब, आणि ते कुठे ठेवावेत ते न कळणारा. मी तेव्हा एकतीसचा, पण मलाही माझे हात कुठे ठेवावेत ते कळत नसे. तो ध्रुवावरच्या सफरींची पुस्तकं न्यायचा. नवीन आलं की मी ते टेबलाखाली त्याच्यासाठी राखून ठेवायचो, आणि तो आला की काही न बोलता पुढे सरकवायचो. तो काही न बोलता घ्यायचा. दोन वर्षांत आमचं बोलणं सगळं मिळून एका पानावर मावलं असतं. तरी मला वाटायचं, या शहरात एक माणूस माझा आहे. आणि मैदानावर त्याचे ते नको झालेले हात बघितले की मला काय व्हायचं ते सांगता येत नाही. तिथे त्यांना जागा होती. त्याच्याकडे गेलेला चेंडू परत येत नसे.

किपच्या पाटीवरच्या त्या दिवशी डॅरल शॉर्टस्टॉपला होता; शेवटची इनिंग होती, दोन आउट झाले होते. किप चेंडू टाकायच्या टेकाडावर उभा, अठरा वर्षांचा, घामाने चमकणारा. चारशे माणसं, आणि एकही जण ती गोष्ट बोलत नव्हता. माझ्यासमोर वही, तीन पेन्सिली टोक करून ठेवलेल्या. बॅटचा आवाज झाला, चेंडू शॉर्टस्टॉपकडे निघाला आणि मी मान खाली घालून लिहिलं: ६-३. सहा म्हणजे शॉर्टस्टॉप, तीन म्हणजे पहिला बेस. त्याने अडवला, तिकडे फेकला, गडी बाद. नुसतं लिहिलं नाही, सुरेख लिहिलं. शेवटचा आउट होता, पान जपून ठेवलं जाणार होतं; तिनाची खालची वेलांटी मी गोल वळवत होतो तेव्हा तो आवाज आला. वर बघितलं तर डॅरल हातमोजा उघडा धरून उभा होता आणि चेंडू त्याच्या मागे गवतात होता. तो चेंडू उसळला की पायाखालून गेला, त्याने झेप घेतली की नुसता वाकला, मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं. चारशे चेहरे माझ्याकडे वळले. मी विचारू शकलो असतो. पंच तिथेच होते. ‘माफ करा, माझं लक्ष नव्हतं,’ एवढं म्हणायचं होतं. ज्या माणसाला वेळेवर ‘नको’ म्हणता येत नाही त्याला हे कुठून येणार? मी खोडरबर घेतला, तीन पुसला आणि सहाच्या आधी एररचा ‘ई’ लिहिला. सहा तसाच ठेवला. सहाव्या जागेची चूक. तो आधीच तिथे होता, म्हणून तो राहिला. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगितलं की मी गावासाठी, किपसाठी केलं. तसं असतं तर निदान कुणासाठी तरी केलेलं झालं असतं. खरं असं की डॅरलकडे गेलेला चेंडू निसटेल हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. निसटला, म्हणजे चूक त्याचीच असणार. माझा त्याच्यावर इतका विश्वास होता. त्या विश्वासानेच मी त्याच्यावर आरोप लिहिला.

पुढचा गडी किपने तीन चेंडूंत बाद केला. वर्तमानपत्रात आलं, ‘फ्रेरिक्सची एकमेव चूक वगळता निर्दोष सामना.’ एकमेव. वगळता. डॅरल पुन्हा वाचनालयात आला नाही. त्याच्याकडचं शेवटचं पुस्तक दाराबाहेरच्या परतीच्या पेटीत सापडलं, कव्हर घातलेलं. मी टेबलाखाली त्याच्यासाठी ठेवलेलं एक पुस्तक पुढच्या वसंतापर्यंत तिथेच होतं.

हे सगळं मी सातव्या इनिंगभर मनात बघत होतो, आणि बोट आपलं टेकवत होतं, बॉल, स्ट्राइक, फाऊल, आणि एकदाही मान खाली घालायचं धाडस होत नव्हतं, त्यामुळे दोनदा भलतीकडेच टेकलं. आपण जिंकलो, चार-शून्य. हिटच्या रकान्यात एक. मुली ओळीत उभ्या राहून हात मिळवून आल्या, कुणीतरी टरबूज कापलं. मी टॅब्लेट पिशवीत घालत होतो तेव्हा मारिसोल समोर येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत लाल माती, हातात टरबुजाची फोड.

“मिस्टर बी, तो एरर होता.”

“काय?”

“सहाव्या इनिंगमधला. तुम्ही हिट दिलात. तो माझ्या हातमोज्यात आला होता. मी फेकायची घाई केली. त्याच्याकडे बघायच्या आधीच पहिल्या बेसकडे बघितलं.”

“उसळला नाही?”

“कुठे उसळला? लोण्यासारखा आला.” ती हसली. “आईचा मेसेज आलाय. सुट्टीत बघत होती. आधी तिला आउट दिसला, मग गायब झाला, मग हिट. विचारते, हे काय भुताटकी आहे? काय झालं खरं? आता मी तिला काय सांगू? चूक माझी आहे, ती माझ्या नावावर लिहा. ब्रिनचं उगाच नुकसान कशाला? आणि मला कुणी दया दाखवलेली आवडत नाही.”

“दया नव्हती,” मी म्हणालो. ते खोटं होतं. “मला वाटलं...”

“तुम्ही बघतच नव्हतात.”

तिच्या बोलण्यात काही आरोप नव्हता. टरबुजाची बी तिने गवतात थुंकली.

“मी तिथून बघितलं ना. शॉर्टस्टॉपवरून तुम्ही अगदी समोर दिसता. ब्रिनच्या खांद्यावरून सरळ. चेंडू गेल्यावर मी वर बघितलं आणि सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, फक्त तुमची मान खाली. मनात म्हटलं, देवा, चला, एकाने तरी पाहिलं नाही. बरं वाटलं जरा.” आणि मग, माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, “तुम्हाला बरं नाहीये का? पाणी आणू?”

शॉर्टस्टॉपवरून तुम्ही अगदी समोर दिसता. एकोणीस वर्षं मी ते वाक्य खणात ठेवून होतो. एकोणीस वर्षं मी ते असं वाचत होतो की, तुम्ही समोर होतात, तुम्हाला नीट दिसलं असणार, तेव्हा सांगा, हिट की एरर. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्याने ते विचारलंच नव्हतं. त्याने माझी खाली गेलेली मान बघितली होती. त्या सायंकाळीच बघितली होती. मी बघितलं नाही हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्यावर मी ‘ई’ लिहिताना त्याने तिथून, रिकामा हातमोजा धरून, माझी पेन्सिल हलताना बघितली असणार. सव्वीस वर्षं थांबून त्याने फक्त एवढं मागितलं होतं, की जे आपल्या दोघांनाच माहीत आहे ते एकदा म्हणा.

मी टॅब्लेट पुन्हा बाहेर काढला, मारिसोलच्या देखत नोंद उघडली, हिटवर बोट ठेवलं आणि एरर केला. तिने वाकून बघितलं, मान डोलावली, ठीक आहे, जसं बँकेतला माणूस सही बघून डोलावतो. “आता आईला सांगते,” म्हणाली आणि फोन काढत निघून गेली.

किपच्या फोनवर ते पोचायला पाच सेकंद लागले असतील. तो गाड्यांच्या बाजूने जवळजवळ धावत आला, त्रेसष्ट वर्षांचा माणूस, खुर्ची काखेत.

“शहाणा झालास की रे, म्हाताऱ्या! मला वाटलं तू आज पाहुण्यांकडून पगार घेतोस. एकही हिट नाही! आमच्या घरात दोन! पाटी मोठी करायला लागणार आता, काय?”

“मारिसोलने सांगितलं मला. तिनेच.”

“गुणी पोरगी. तिला माझ्याकडून आइस्क्रीम.”

“किप,” मी म्हणालो, “त्या दिवशी आपल्या संघात शॉर्टस्टॉपला कोण होतं?”

“कुठल्या दिवशी?”

“तुझ्या पाटीच्या दिवशी.”

त्याने डोळे बारीक केले. खरंच आठवायचा प्रयत्न केला, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. “तो... काय रे त्याचं नाव? उंचसा. बोलायचा नाही कुणाशी. तोच रे, ज्याच्या हातून सुटला तो.”

“डॅरल फ्रेरिक्स.”

“हां, फ्रेरिक्स! त्याचं काय?”

“मी बघत नव्हतो, किप. चेंडू गेला तेव्हा माझी मान वहीत होती. मी आउट आधीच लिहून टाकला होता. तो हिट होता की एरर, मला माहीत नाही. कधीच नव्हतं.”

टरबुजाच्या पातेल्याभोवती मुली ओरडत होत्या. किपने खुर्ची या काखेतून त्या काखेत घेतली.

“आजच सांगायचं होतं तुला? पंचेचाळीस वर्षं काय झोप लागली होती?”

“माझी चूक आहे.”

“मग आता काय? पाटी काढायची?”

“ते मला माहीत नाही. तो काय म्हणतो त्यावर.”

“तो जिवंत तरी आहे का?”

ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायला मी कधी हातही हलवला नव्हता. किपने ती पाटी समोरच टांगलेली असावी तसं हवेत कुठेतरी बघितलं. मग म्हणाला, “मी वळून बघितलं होतं तेव्हा. पिचर वळतोच. मी काही तुला सांगणार नाही मी काय बघितलं.” आणि खुर्ची सावरत, “तू विचारलंही नव्हतंस.” तो गेला. त्याची चाल एकदम त्याच्या वयाची झाली होती.

घरी येऊन मी ती वही काढली. १९७९ चं पान अजून पांढरं आहे, आमच्या वाचनालयाचा कागद चांगला असायचा. खिडकीच्या उजेडात ते तिरपं धरलं की ‘ई ६’ च्या पुढे पुसलेला तीन दिसतो, वेलांटीसकट. मी पेन्सिल दाबून लिहितो. खोडरबराने काळं जातं, खळगा जात नाही. टॅब्लेटवरच्या त्या आउटचा आता कुठेही पत्ता नाही, पण तो एक्केचाळीस जणांनी बघितलाय. हा मात्र एकट्या माझ्याकडे होता. मी ते पान वहीतून फाडलं. मुलांनी पुस्तकाचं पान फाडलं तर मी आयुष्यभर त्यांच्या घरी चिठ्ठ्या पाठवल्या. फाडताना कड दातेरी आली, तेव्हा कात्री शोधली आणि ती सरळ कापून घेतली. त्याला मला फार वेळ लागला. मला कड सरळच हवी होती.

मग कार्डाच्या पाठीवर लिहिलं. या वेळी केटली ठेवली नाही.

‘प्रिय डॅरल, मी काहीही पाहिलं नाही. माझी मान खाली होती. चेंडू तुझ्याकडे आला म्हणजे गडी बाद होणारच असं समजून मी आउट आधीच लिहिला होता. सोबतचं पान उजेडात तिरपं धर, म्हणजे दिसेल. त्यावर पुढे जे लिहिलं ते न बघता लिहिलं. तू ते बघत होतास हे मला आज कळलं. किपला सांगितलं आहे. तो चेंडू काय होता हे तूच सांगू शकतोस. तू सांगशील ते मी लिहीन. तुझ्या मुलीला सांग, तू खेळायचास. एल्डन बेकमन.’

सकाळी पाकिटावर तोच एकोणीस वर्षांपूर्वीचा पत्ता घातला. दुसरा माझ्याकडे नाही. तो तिथे नसेल तर कुणीतरी पुढे पाठवेल, किंवा शिक्का मारून पाकीट माझ्याकडे परत येईल. तेही मग उत्तरच. कोपऱ्यावरच्या निळ्या पेटीपर्यंत चालत गेलो. शेजारची बाई कुत्र्याला फिरवत होती, म्हणाली, “आज लवकर, मिस्टर बेकमन?” मी म्हणालो, “नाही, उशीरच झालाय.” पेटीचा दांडा ओढला, पाकीट आत ठेवलं, दांडा सोडला. मग पाकीट खाली पडलं की नाही ते बघायला, सगळे करतात तसा, तो पुन्हा ओढून बघितला. तिथे काही नव्हतं.